हे तुला कुठं मिळालं?

कलेवर मी लिहिलेला पहिला लेख वाचायला पाच मिनिटं लागायची, आणि त्यातला निम्मा भाग खोटा होता.

कुणाला फसवायचं म्हणून मी खोटं लिहिलं नव्हतं. विषय होता ५ नोव्हेंबर १८४३. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, असं आपण शाळेपासून ऐकतो. दरवर्षी त्याच तारखेला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. माझं गाव आष्टा. सांगली आम्हाला वीस-बावीस किलोमीटर, एसटीनं फार तर पाऊण तास. डिग्री इंजिनिअरिंगची, नोकरी पुण्यात, दिवसभर कोड. संध्याकाळी काहीतरी वेगळं करावं म्हणून लिहायला बसलो, तर घराजवळचा एवढा मोठा विषय समोर होता.

मी लिहिलं : मशालींचा धूर दाटला होता. राजेसाहेब लोडाला टेकून बसले होते. पडद्यामागं विष्णुपंतांच्या तळहाताला घाम सुटला होता.

लेख गावातल्या आमच्या एका निवृत्त मराठीच्या सरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पहिला परिच्छेद वाचला आणि विचारलं, “मशाली होत्या, हे तुला कुठं मिळालं?”

मी म्हणालो, “सर, त्या काळी वीज नव्हती ना.”

“समया असतील. हिलाल असतील. दुपारी खेळ झाला असेल. आणि तळहाताचा घाम कुठं मिळाला?”

मी गप्प.

“छान लिहितोस,” सर म्हणाले. “पण हे कथा म्हणून दे. इतिहास म्हणून देऊ नकोस.”

त्या दिवशी राग आला होता. मला वाटलं, सरांना ललित लेखन कळत नाही. इंग्रजीत याला ‘क्रिएटिव्ह नॉनफिक्शन’ म्हणतात; त्यात प्रसंग रंगवायचाच असतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. नंतर कळलं की मी त्या नावातला पहिलाच शब्द नीट वाचला होता, दुसरा नाही.

आपल्याकडं आहे काय?

मग मी उलटं सुरू केलं. आमच्या धंद्यात ‘गिट ब्लेम’ नावाची सोय असते. कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती कुणी लिहिली आणि कधी लिहिली, हे दिसतं. मी लेखाच्या प्रत्येक वाक्यासमोर एक रकाना केला : हे कुठून आलं? बहुतेक रकाने रिकामे राहिले. जे भरले, त्यातून जे हाती आलं ते माझ्या मशालींपेक्षा कितीतरी जास्त रंजक होतं.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला. तो पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णु अमृत भावे या तरुणाला सांगितलं, की असं काही मराठीत उभं कर, पण त्यातला ओबडधोबडपणा काढून. भाव्यांना कळसूत्री बाहुल्या करण्याचा नाद होता. म्हणजे ज्याला आपण मराठी नाटकाचा जनक म्हणतो, तो माणूस लाकडाच्या नटांकडून जिवंत नटांकडं आला होता.

खेळाची रीतही आजच्या नाटकासारखी नव्हती. सूत्रधार पदं म्हणायचा. विदूषक यायचा, गणपती आणि सरस्वती यायचे, मग आख्यान. राक्षस आरडाओरडा करत रंगणात उतरायचे. त्यांच्या त्या आरोळीवरून पुढच्या पिढीनं या नाटकांना थट्टेनं ‘अललडुर्र’ म्हटलं. आणि मुख्य गोष्ट : पात्रांची भाषणं लिहिलेली नसत. पदं ठरलेली, बोलणं त्या त्या नटानं तिथल्या तिथं करायचं.

याचा अर्थ लक्षात आला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. ज्या खेळापासून आपण मराठी रंगभूमी मोजतो, त्यात सीता काय बोलली, राम काय बोलला, रावण काय बोलला, यातलं एकही वाक्य आपल्याकडं नाही. ते हरवलं नाही, जळलं नाही. ते कधी कागदावर आलंच नाही. राहिली ती पदं. तीही भाव्यांच्या ‘नाट्यकवितासंग्रहा’त छापून आली १८८५ साली, म्हणजे खेळानंतर बेचाळीस वर्षांनी. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत भाव्यांनी स्वतःची हकीकत सांगितली आहे. सांगलीच्या त्या दिवसांबद्दल आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं त्या हकीकतीवर उभं आहे.

आता तुम्हीच विचार करा. बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणारा माणूस काय सांगेल? १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि दरबाराचा आधार गेला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ केले. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. राजाच्या पदरी सुरू झालेली गोष्ट दहा वर्षांत तिकिटावर आली. हे सगळं भोगलेला म्हातारा माणूस मागं वळून बघतोय. त्याची हकीकत खरी आहे, पण ती त्याची आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात सतराव्या शतकात मराठी नाटकं लिहिली गेली होती. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं, त्यात संवाद होते आणि ते शूद्र शेतकऱ्याच्या फसवणुकीबद्दल होतं. ‘पहिलं’ कुणाला म्हणायचं, हे तुम्ही कुणाची हकीकत हातात धरता त्यावर ठरतं.

मी नवीन मसुदा लिहिला. त्यात मशाली नव्हत्या. त्यात एवढंच होतं, की त्या दिवशी सीता काय बोलली ते कुणालाच सांगता येणार नाही आणि तरीही आपण दरवर्षी तो दिवस साजरा करतो. सरांनी वाचलं. या वेळी प्रश्न विचारला नाही.

ज्यांनी आधी लिहिलं

नाव नवं असलं तरी काम नवं नाही. अमेरिकेतलं प्रसिद्ध उदाहरण गे टलीज या पत्रकाराचं. ‘एस्क्वायर’ मासिकानं त्याला गायक फ्रँक सिनात्रावर लिहायला पाठवलं. सिनात्राला सर्दी झाली होती आणि तो बोलायला तयार नव्हता. टलीजनं मुलाखत मिळाली नाही म्हणून लेख सोडला नाही आणि मुलाखत झाल्याचं नाटकही केलं नाही. तो सिनात्राच्या आजूबाजूच्या माणसांशी बोलला, लांबून बघत राहिला. १९६६ साली छापून आलेल्या त्या लेखाचं शीर्षकच सर्दीवर आहे. जे मिळालं नाही, तेच त्यानं लेखाच्या मध्यभागी ठेवलं.

पण मला खरं शिकवलं ते आमच्याच पट्ट्यातल्या माणसांनी. गोविंदराव टेंबे कोल्हापूरकडचे. पेटीवादक, संगीतकार, नट. त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ १९३९ चं. ज्यांच्या मैफिलीत आपण स्वतः पेटी घेऊन बसलो, त्यांच्याबद्दल ते लिहितात. आपण कुठं बसलो होतो हे माहीत असलेल्या माणसाचं लिहिणं वेगळंच असतं : जे कानावर पडलं ते तो ठामपणे सांगतो, आणि जे दुसऱ्याकडून ऐकलं ते तसं म्हणून सांगतो.

दुसरे वामनराव देशपांडे. ‘घरंदाज गायकी’ हे त्यांचं पुस्तक १९६१ साली आलं. वामनराव पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, आणि गाणं स्वतः शिकलेले. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कलेवर लिहायला कलेचीच पदवी लागते असं नाही; शिकायची तयारी लागते. वामनरावांनी काय केलं? एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय, अशी जणू पट्टी आखली आणि घराणी तिच्यावर मांडली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर दोन्हींचा तोल साधत मध्ये. पटो न पटो, पण अंदाजानं ‘काय गातात हो!’ म्हणणारा माणूस ते पुस्तक वाचल्यावर नेमकं काय ऐकायचं ते शिकतो. किराण्याचे अब्दुल करीम खाँ तर आमच्या शेजारी मिरजेत राहिले आणि तिथंच त्यांची समाधी आहे. मी मिरजेला शेकडो वेळा गेलो होतो, दवाखान्याला आणि रेल्वेला. सतारी-तंबोऱ्यांच्या गल्लीत पहिल्यांदा गेलो तो हे पुस्तक वाचल्यावर.

तिथं आणखी एक गोष्ट दिसली. मिरजेची वाद्यं करणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम सरलं आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे हात तंबोऱ्याकडं वळले. भोपळा पंढरपूरच्या बाजूनं येतो, तो वाळवायचा, कापायचा, त्याला लाकडाची दांडी जोडायची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गायकांची चरित्रं कपाटभर आहेत. ज्यानं तंबोरा जुळवून दिला, त्याचं चरित्र किती जणांनी लिहिलं?

रडला असेल का?

आमच्यापासून जवळच, कृष्णेकाठी नागठाणे आहे. बालगंधर्वांचं गाव. त्यांच्याबद्दलचा एक प्रसंग महाराष्ट्रात घराघरात सांगितला जातो. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. नाटक सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, संगीत टेंब्यांचं. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले.

या प्रसंगावर मी एक रात्र घालवली. तीन परिच्छेद लिहिले : आरशासमोर बसलेला बाप, डोळ्यांतलं काजळ, ओठांवरचं हसू. वाचून मला स्वतःलाच भरून आलं. मग रकाना उघडला. हे कुठून आलं? आरसा माझा, काजळ माझं, हसू माझं. लेकरू मात्र त्यांचं होतं.

ते तीन परिच्छेद मी पुसले. परवानगी नसताना दुसऱ्याच्या दुःखात शिरून आपल्या भाषेची हौस भागवणं बरं नव्हे, हे त्या रात्री कळलं. तारीख, नाटक, मृत्यू, गाणं – चार गोष्टी एकामागं एक ठेवल्या की वाचणारा स्वतःच थांबतो. आणि थांबून त्यानं एक अवघड प्रश्नही विचारायला हवा. हा प्रसंग आपण नेहमी कलानिष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो. त्या मुलीच्या आईची गोष्ट म्हणून तो सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

लिहिलं कुणाचं गेलं?

इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट टोचायला लागली. मी जिल्ह्याच्या कलेचा इतिहास लिहितोय म्हणतोय, आणि माझ्या यादीत नाटक आणि राग-संगीत आहे. आमच्या गावच्या जत्रेत मी लहानपणी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मी पाहिला होता तमाशा.

सांगली नाट्यपंढरी, हे खरं. पण तासगाव तालुक्यातलं सावळज हेही याच जिल्ह्यात आहे. तिथल्या उमा-बाबूंचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो, साल १८६५. पठ्ठे बापूराव आमच्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्णीपण सोडून फडात गेले. काळू-बाळू मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे, जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’तल्या त्यांच्या दोन हवालदारांनी पिढ्यान्‌पिढ्या हसवल्या. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, तेही वाळवा तालुक्यातच. घरातल्या तमाशातून शिकून अण्णाभाऊंनी अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा तीच कला ‘लोकनाट्य’ या नावानं त्यांनी लोकांपुढं नेली.

गण, गवळण, बतावणी, वग. बतावणीतलं बोलणं फडावरच जुळवलेलं, रात्रीगणिक बदलणारं. थांबा, हे ओळखीचं वाटतंय ना? भाव्यांच्या नाटकातही भाषणं लिहिलेली नव्हती. पण भाव्यांची प्रस्तावना छापली गेली. १९०३ सालीच आप्पाजी विष्णु कुलकर्ण्यांनी ‘मराठी रंगभूमि’ हा इतिहास लिहून ठेवला. तमाशावर नामदेव व्हटकरांसारख्या अभ्यासकांचं काम यायला पुढं कित्येक दशकं लागली. दोन्ही कलांचं बोलणं हवेत विरलं. फरक इतकाच, की एकीकडं आठवणी लिहून घेणारं कुणीतरी होतं.

लिहून घेणं म्हणजे काय, हे मला ‘सांगत्ये ऐका’नं दाखवलं. हंसा वाडकर – तमाशापटांतली मोठी नटी – बोलत गेल्या आणि अरुण साधूंनी ते शब्दांत उतरवलं. आधी ‘माणूस’मध्ये आलं, १९७० साली पुस्तक झालं, पुढं श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला. साधू पुढं मोठे कादंबरीकार झाले, पण या पुस्तकात ते मध्ये येत नाहीत. स्वतःला बरं दिसावं म्हणून काही झाकण्याची धडपड त्या बाई करत नाहीत, आणि लिहिणाराही त्यांना सावरायला धावत नाही. माझ्यासारख्या नवशिक्यासाठी यापेक्षा अवघड धडा नाही : ऐकायचं, आणि ऐकलेलं सुधारायचं नाही.

आबा

आता आमच्या घरातलं.

माझ्या आज्जीचा धाकटा भाऊ तमाशात ढोलकी वाजवायचा. आम्ही त्याला आबा म्हणायचो. मी नऊ वर्षांचा असताना आबा गेला. तोवर मला फक्त एवढंच माहीत होतं, की तो ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाकडं असायचा. ढोलकीचं मला कळलं नोकरीला लागल्यावर, एका लग्नात, कुणाच्या तरी तोंडून निसटलं म्हणून. घरी कुणी बोलायचं नाही. आत्यांची लग्नं जमवताना हे पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून काळजी घेतली होती, असं नंतर कळलं.

मी लिहायचं म्हटलं, तर वडील म्हणाले, “गेलेल्या माणसाचं कशाला उकरतोस?” मी म्हणालो, त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, “तुला नाही वाटत, कारण तू पुण्यात राहतोस.” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नीटसं नाही. म्हणून या लेखात त्याचं नाव नाही, फडाचं नाव नाही. आज्जीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “लिही. पण खोटं लिहू नगंस. तो काय लई मोठा न्हवता.”

हे वाक्य मला सरांच्या प्रश्नासारखंच वाटलं. कारण मनातल्या मनात मी त्याला मोठा करून ठेवलाच होता. दुर्लक्षित कलावंत, समाजानं नाकारलेला, रात्र जागवणारा. आज्जीनं ती सगळी वाक्यं एका झटक्यात पुसली.

माझ्याकडं खरं म्हणून काय आहे? एक फोटो आहे, त्यात ढोलकी नाही. तो सहा-सात वर्षं फडाबरोबर होता, असं आज्जी सांगते. त्यानं फड का सोडला याची दोन कारणं आहेत. आज्जी म्हणते, आई आजारी पडली म्हणून परत आला. वडील म्हणतात, दोन हंगामांचे पैसे बुडाले म्हणून आला. मी बराच वेळ यातलं खरं कोणतं ते शोधत होतो. आता वाटतं, बहीण एक सांगते आणि भाचा दुसरं सांगतो, हाच आमच्या घराचा इतिहास आहे. ढोलकीचं काय झालं? “कुणीतरी नेली.” कुणी, ते आठवत नाही.

तो ढोलकी कशी वाजवायचा, हे मी लिहू शकत नाही. मी ऐकलेलीच नाही. ‘त्याच्या बोटांत वीज होती’ असं लिहायला दोन सेकंद लागतात. तेवढं मी लिहिलं नाही. त्याऐवजी सरांनी सांगितलेला सराव केला. ते म्हणाले होते, भावईला जा आणि फक्त जे दिसेल ते लिही. विशेषण आलं की खोड. आष्ट्याची भावई, चौंडेश्वरीचा उत्सव, लहानपणापासून पाहिलेला. त्या वर्षी वही घेऊन उभा राहिलो. वाजवणाऱ्याच्या हाताकडं तासभर पाहिलं. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मध्येच कुणीतरी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, तेव्हाही हात थांबले नाहीत. शेजारी त्याचा पोरगा मोबाईलवर गेम खेळत होता, आणि पायानं ताल धरून होता. त्याचं त्यालाही माहीत नसावं.

आबाबद्दल माझी स्वतःची म्हणावी अशी एकच आठवण आहे. जेवायला बसला की भाकरी येईपर्यंत तो ताटाच्या काठावर बोटं वाजवायचा. आज्जी आतून ओरडायची, आणि तो दोन क्षण थांबून पुन्हा सुरू करायचा. एवढंच.

हा लेख पाठवण्याआधी मी आज्जीला मोबाईलवरून वाचून दाखवला. भाव्यांचं, टेंब्यांचं तिनं मुकाट ऐकलं. आबाचं आल्यावर पदर सावरून सरळ बसली. शेवटचं ऐकून म्हणाली, “आरं, ताट न्हवं. पाट. बसायच्या पाटावर वाजवायचा तो. ताटावर वाजवलं तर मी हात मोडला असता त्याचा.”

मला ताटच आठवतं. स्टीलचा आवाज कानात आहे. पण मी तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हतो आणि ती त्याची बहीण.

रकान्यात मी दोन्ही लिहून ठेवलं आहे : ताट – मी. पाट – आज्जी.